आठवणींची बैठक : शनिवारी संध्याकाळी ५ वाजता

सभासद बंधू-भगिनींनो, सस्नेह नमस्कार.

येत्या शनिवारी आपल्या सभागृहात आठवणींची बैठक आहे. विषय : लहानपण आणि युद्धाचे दिवस.

डिसेंबर १९७१ मधला ब्लॅकआउट आठवतो ना? खिडक्यांच्या काचांना खळीने चिकटवलेले काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांचा काळा रंगवलेला वरचा भाग. १९६२ साली बायकांनी अंगावरचे दागिने काढून संरक्षण निधीला दिले, जवानांसाठी स्वेटर विणले. तुमच्या वाड्यात काय घडलं, ते सांगा. नव्वदीच्या सभासदांनी दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनबद्दल अवश्य बोलावं. ते सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर हे काही युद्ध नव्हे, पण तो वगळून पुण्याचं लहानपण सांगताच येणार नाही, तेव्हा त्यालाही मुभा आहे.

जुने फोटो, रेशनकार्डं, पत्रं जरूर आणा. तिथेच फोटो काढून लगेच परत देऊ. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करणार आहोत. ज्यांना नको असेल त्यांनी आधी सांगावं.

ज्यांना जिना चढवत नाही, त्यांनी शुक्रवारपर्यंत कार्यालयात निरोप द्यावा. आम्ही घरी येऊन ऐकू.

– कार्यवाह