फोनमधल्या जाहिरातींचा बंदोबस्त

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

नवी अ‍ॅप्स शोधण्याआधी जुनी काढा. टॉर्च वरचा पडदा खाली ओढला की मिळतो, क्यूआर कोड बहुतेक फोनचा साधा कॅमेराच वाचतो. ‘फोन क्लीनर’ तर मुळीच नको. अँड्रॉइड स्वतःची साफसफाई करतं.

मध्येच पानभर जाहिरात उगवली की घाईने फुली दाबू नका. आधी उघड्या अ‍ॅप्सची यादी पाहा, जाहिरात कुठल्या अ‍ॅपची आहे ते बहुधा तिथेच कळतं. नाव लपवलेलं असेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स’ शोधा. तिथे परवानगी मिळालेल्यांत अनोळखी दिसेल, ते काढा.

बाबा, प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या नावाखाली ‘कंटेन्स अ‍ॅड्स’ असेल तर पुढे जाऊच नका. अ‍ॅप तुमची कोणती माहिती घेतं ते सांगणारा ‘डेटा सेफ्टी’ भाग वाचा, पण ती माहिती अ‍ॅप बनवणाराच भरतो, म्हणून परवानग्याही बघा. पंचांगाला तुमचे कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत?

एफ-ड्रॉइड हे मुक्त सॉफ्टवेअरचं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-वापरता येतो अशा अ‍ॅप्सचं, वेगळं दुकान आहे. ते ब्राउझरमधून एफ-ड्रॉइड डॉट ऑर्ग वरूनच घ्या. क्रोमला ‘अननोन अ‍ॅप्स’ची, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरची अ‍ॅप्स बसवण्याची, परवानगी द्यावी लागेल, काम झालं की ती परत बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल (म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल) कधीच उघडायची नाही, पाठवणारा भाऊबंद असला तरी! बँक आणि यूपीआयची अ‍ॅप्स मात्र प्ले स्टोअरवरूनच.

आई, फोटोंसाठी फॉसिफाय गॅलरी घे. पूर्वी लोक सिम्पल गॅलरी सुचवायचे, पण 2023 च्या अखेरीस तो सगळा संच दुसऱ्या कंपनीला विकला गेला आणि जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाने फॉसिफाय वेगळं काढलं. अ‍ॅप तेच राहतं, मालक बदलतो. म्हणून चांगल्या अ‍ॅपच्याही परवानग्या अधूनमधून तपासायच्या. व्हिडिओला व्हीएलसी, नकाशाला ऑरगॅनिक मॅप्स. त्यात महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवला की नेटशिवाय चालतो, फक्त वाहतूककोंडी दिसत नाही.

शेवटचं, सेटिंग्जमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. तिथे ‘डीएनएस.अ‍ॅडगार्ड-डीएनएस.कॉम’ हे इंग्रजी अक्षरांत टाका. अ‍ॅप्समधल्या बऱ्याच जाहिराती थांबतील, यूट्यूबच्या नाही, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. हॉटेल-स्टेशनच्या वायफायला लॉगिनचं पान उघडलं नाही तर तेवढ्यापुरतं ‘ऑटोमॅटिक’ करा.

तुमची,
मुक्ता