'नये' वरच्या ओळीत आणणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पत्र असं चारचौघांत लिहिते आहे, राग मानू नका. त्या रात्री तुमच्या पत्रिका जुळवायच्या डीटीपीच्या दुकानात मी पैसे पुढे केले तर "पत्रिकेचे घेतो, याचे नाही" म्हणालात, आणि आभार मानू लागले तर प्रिंटरमधला कागद संपलाय का ते बघायला उठलात. समोर बसून तुम्ही ऐकून घेणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. शिवाय माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. पर्यवेक्षिका, शिक्षिका, नर्सताई. घरचं आवरून रात्री प्रशिक्षणाच्या स्लाइड करत बसतात आणि त्यांना विचारायला कुणी नसतं. त्यांच्याही हे वाचण्यात यावं असं वाटतं.

त्या संध्याकाळी मी दुकानात आले ते "फाँट बिघडलाय, तेवढा नीट करून द्या" असं म्हणत. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आज सांगते.

आदल्या दिवशी आमच्या बीटमधल्या, म्हणजे मी पर्यवेक्षिका म्हणून बघते त्या भागातल्या, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचं प्रशिक्षण होतं. विषय बाळाचा आहार. मी पंधरा दिवस खपून १८ स्लाइड केल्या होत्या. बाया सतरंजीवर बसलेल्या, पडदा भिंतीवर खालीच लावलेला. पहिल्या चार स्लाइडवर मराठी उमटलीच नाही. जुन्या परिपत्रकातून उचललेला तो मजकूर युनिकोड (कुठल्याही संगणकावर अक्षर तेच राहतं ती पद्धत) नसलेल्या फाँटमधला होता आणि तिथल्या लॅपटॉपवर तो फाँट नव्हता. शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा नुसता चुरा. ते मी तोंडी सांगून निभावलं. पण जेवणाच्या सुट्टीत एका नव्या मदतनीस ताईची वही सहज हातात घेतली. तिनं सुंदर अक्षरात उतरवून घेतलं होतं: "सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी देऊ". वाक्य तिथंच संपलं होतं.

मी म्हटलं, "अगं, 'नये' कुठंय?" ती म्हणाली, "मॅडम, पडद्यावर एवढंच होतं." मी जाऊन तिच्या जागेवर बसले. खरंच एवढंच होतं. वाक्य लांबलं म्हणून 'नये' पुढच्या ओळीत उतरलेलं, ती ओळ स्लाइडच्या अगदी तळाशी, आणि तळ पुढच्या तीन रांगांच्या डोक्यांआड.

काका, आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळं पाणी लागत नाही. पण उन्हाचा तडाखा वाढला की तान्ह्याच्या तोंडात पाण्याचा चमचा घालणारी घरं आमच्याकडे अजून आहेत. पाणी शुद्ध नसलं की जुलाब लागतात, दूध ओढणं कमी होतं, वजन घसरतं. हे थांबावं म्हणून आम्ही जमतो आणि माझ्याच स्लाइडनं एका पोरीला उलटं लिहायला लावलं. तिथल्या तिथे दुरुस्ती केली, सगळ्यांच्या वह्या तपासल्या. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

यातलं मी तुम्हाला काहीच बोलले नव्हते. तुम्ही पेनड्राइव्ह लावलात, एकेक स्लाइड पुढे सरकवलीत आणि नवव्या स्लाइडवर थांबून विचारलंत, "ताई, हे 'नये' खाली एकटं का टाकलंय? वाचणारा वरच सोडून देईल की." मला तेव्हा रडू आलं. तुम्हाला वाटलं फाँटचं टेन्शन आलंय, म्हणून समोरच्या टपरीवर चहा सांगितलात. चहा चांगला होता, पण रडू त्याचं नव्हतं.

तुम्हाला ते कसं दिसलं, हे पुढच्या तीन तासांत कळत गेलं. डीटीपीच्या आधी तुम्ही जुळारी होतात, छापखान्यात अक्षरं जुळवणारे. एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उचलून ओळ बांधायची, तेव्हा ओळ कुठे मोडायची हे तुम्हालाच ठरवावं लागे. कुठलंही यंत्र ते तुमच्यासाठी करत नव्हतं. माझ्या स्लाइडवर ते यंत्रानं ठरवलं होतं. जागा संपली, शब्द खाली ढकलला. तुम्ही वाक्य छोटं करायला लावलंत: "सहा महिन्यांपर्यंत" एका ओळीत, "वरचं पाणी देऊ नये" दुसरीत. मधे शिफ्ट दाबून एंटर, म्हणजे ओळ मोडते पण परिच्छेद तोच राहतो, नवा ठिपका येत नाही. इतकी वर्षं मी नुसता एंटर मारत होते आणि नको तिथे आलेले ठिपके खोडत बसत होते.

आणि तुम्ही माउसला हात लावला नाहीत. लग्नसराई होती, टेबलावर पत्रिकांच्या प्रुफांचा ढीग, फोन वाजत होता, तरी मला तुमच्या खुर्चीत बसवलंत आणि स्वतः स्टुलावर बसलात. "मी करून दिलं तर पुढच्या महिन्यात परत याल. तुम्ही करा, मी बघतो." हे मी कधी विसरणार नाही.

तुमचा पहिला प्रश्न फाँटचा नव्हताच. "तिथला पडदा कसा आहे, चौकोनी की लांबट?" प्रोजेक्टर जुना, चार बाय तीनचा. माझी फाइल सोळा बाय नऊची, कारण पॉवरपॉइंट उघडलं की तीच समोर येते. म्हणजे वर-खाली काळ्या पट्ट्या आणि मधे सगळं बारीक. स्लाइडचं माप आधी ठरवायचं आणि मग लिहायला घ्यायचं, पत्रिकेचा कागद आधी ठरतो तसं.

मग मास्टर. मी प्रत्येक स्लाइडवर नवा टेक्स्ट बॉक्स काढून डोळ्यांनी अंदाजानं ठेवला होता, त्यामुळे स्लाइड बदलली की मथळा पडद्यावर उड्या मारायचा. तुम्ही स्लाइड मास्टर उघडायला लावलंत आणि म्हणालात, हा आपला साचा. मथळा इथे, मजकूर इथे, समास एवढा, फाँट हा. एकदा बांधला की सगळ्या स्लाइड त्यातून निघणार. सगळ्यात खालचा पाव भाग मोकळा ठेवायला सांगितलात. का, ते तुम्ही "खाली दाटी नको" एवढंच सांगितलंत. मला त्या पाव भागात तीन रांगांमधली डोकी दिसत होती.

जुन्या फाँटचा मजकूर काढून पुन्हा युनिकोडमध्ये टंकायला दीड तास गेला. ते काम कंटाळवाणंच होतं. पण त्यात तुम्ही 'स्तनपान करणार्या' वर बोट ठेवलंत. रफार नाही, तिथं 'ऱ्या' हवं. ऱ हे अक्षर वेगळं उमटवायचं, मग पाय मोडायचा, मग या जोडायचा: 'करणाऱ्या'. पडद्यावर शुद्ध लिहिलेलं असलं की वहीत शुद्ध उतरतं, म्हणालात. आमच्या बायकांच्या वह्या पुढे गावोगावच्या भिंतींवर जातात काका, तक्त्यांवर जातात. तुम्हाला ते ठाऊक नसताना तुम्ही बरोबर बोललात.

फाँट निवडताना तुम्ही मला अक्षररचनाकार र. कृ. जोशींची गोष्ट सांगितलीत. संगणकावर ज्याला मी नुसतं 'मंगल' म्हणत होते, तो फाँट त्यांनी घडवलेला, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या बोलण्यात त्यांच्याविषयी जो आदर होता तो पाहून मी त्या अक्षरांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आपल्या कामाला मात्र तुम्ही 'मुक्ता' घ्यायला सांगितलात. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या संस्थेनं केलेला, फुकट मिळणारा, आणि बारीकपासून जाड्यापर्यंत सात वजनांत असलेला. कारणही सांगितलंत. इंग्रजीत महत्त्वाचं असेल ते कॅपिटलमध्ये लिहिता येतं. आपल्या लिपीत लहानमोठं अक्षर असा भेदच नाही. आपल्याला आकार आणि वजन यांवरच भागवावं लागतं, म्हणून वजनं नीट असलेला फाँट हवा. आणि जाताना फाँट फाइलमध्येच बसवायचा, सेव्हच्या पर्यायांत त्याची खूण आहे. शिवाय एक पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर हवीच.

यानंतर तुम्ही जे शिकवलंत ते मला स्लाइड शिकवणाऱ्या इंग्रजी धड्यांत कुठेच मिळालं नव्हतं, कारण तिथे देवनागरी नसते. माझी सवय होती की महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारायची. तुम्ही 'कुपोषण' मोठं करून दाखवलंत: रेघेनं 'कु'चा उकार मधोमध कापला होता. अक्षरं तिरकी करायची सवयही तुम्ही सोडवलीत. आपल्या बहुतेक फाँटांना खरं तिरकं रूप नसतं, संगणक उभं अक्षर नुसतं कलतं करतो आणि काना पडल्यासारखा दिसतो. मथळ्यात दोन अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं, ते ऐसपैस दिसावं म्हणून. तिथे शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे झाले होते. दोन्ही कडा सरळ केलेला मजकूर पाहून तुम्ही म्हणालात, वर्तमानपत्राच्या रकान्यात ठीक, इथे 'पर्यवेक्षिकांच्या' सारखा एक लांब शब्द आला की ओळीत भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी.

आणि ओळींमधली जागा. त्यावर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलात, मीही थांबते. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या साच्यात ते अंतर ०.९ असतं. इंग्रजीला ते चालतं. आपल्या अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि पायाशी उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं. माझ्या सहाव्या स्लाइडवर वरच्या ओळीतल्या 'कुटुंबा'चा उकार खालच्या 'विद्यार्थ्यां'च्या रफारात अडकला होता. तुम्ही खणातून शिशाची एक पातळ पट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवलीत. "लेड. दोन ओळींच्या मधे ही घालायचो. अक्षराला श्वास घ्यायला." मग मास्टरमध्ये अंतर १.२ करायला लावलंत. एका आकड्यानं सगळ्या स्लाइड उघडल्या. ती पट्टी जड होती हे मला अजून हाताला आठवतं.

अंतर वाढलं तसा मजकूर चौकटीबाहेर गेला. माझा हात अक्षर लहान करायला गेला, तर तुम्ही थांबवलंत. मावत नाही ते पुढच्या स्लाइडवर. अक्षर आपोआप बारीक करणारी सोयही बंद करायला सांगितलीत. १८ च्या २७ स्लाइड झाल्या आणि शिकवायला वेळ कमी लागला, हे तुम्हाला कळवायचं राहिलं होतं.

दंडघेराची स्लाइड तर तुम्ही जवळजवळ नवीच करवून घेतलीत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम. मी हे परिच्छेदात लिहिलं होतं, लाल, पिवळ्या आणि हिरव्या अक्षरांत, पांढऱ्यावर. पिवळं दिसतच नव्हतं. तुम्ही विचारलंत, "या पाटीवर नजर आधी कुठे जायला हवी?" मी म्हटलं, ११.५ वर. "मग तेवढंच मोठं करा." आता तिथे रंगाच्या तीन पट्ट्या आहेत, पिवळ्या पट्टीवर काळी अक्षरं आहेत, आणि पट्टीत 'लाल', 'पिवळा', 'हिरवा' हे शब्दही आहेत, कारण जुन्या प्रोजेक्टरवर लाल तपकिरी दिसतो आणि काहींना लाल-हिरव्यातला फरकच कळत नाही. आहाराचा तक्ता मी स्पेसबार दाबदाबून जुळवला होता. तो खरा टेबल झाला: ६ ते ८ महिने, दिवसातून २ ते ३ वेळा, ९ ते २३ महिने, ३ ते ४ वेळा.

शेवटी तुम्ही मला रस्त्याच्या पलीकडे, टपरीपाशी उभं केलंत आणि दुकानातून स्लाइड दाखवत राहिलात. ज्या वाचता आल्या नाहीत त्या पुन्हा केल्या. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तुमच्या घरून दोनदा फोन आला. काकूंचीही मी ऋणी आहे.

दुसरं प्रशिक्षण त्याच सभागृहात झालं. नववी स्लाइड आली तेव्हा मी काहीच बोलले नाही, मागच्या रांगेला मोठ्यानं वाचायला सांगितलं. निवृत्तीला आलेल्या एका सेविकाताईंनी चष्मा न लावता वाचलं: "सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी देऊ नये." 'नये' त्यांनी जरा जोर देऊनच म्हटलं.

तो साचा आता माझ्या सहा सहकाऱ्यांकडे आहे. कुणी विषय बदलते, कुणी चित्रं, समास कुणी हलवत नाही.

आणखी एक. वहीवाली ती मदतनीस ताई आता सेविका झाली आहे. पुढच्या बैठकीत लसीकरणाच्या स्लाइड ती स्वतः करणार म्हणते. येत्या बाजाराच्या दिवशी तिला घेऊन येते. खुर्चीत तिला बसवा, मी स्टुलावर बसते. आणि ती शिशाची पट्टी जरा हाताशी ठेवा.

तुमची,
नवव्या स्लाइडवाली ताई