मेकअपदादांना, आरशासमोरच्या त्या अर्ध्या तासाबद्दल

प्रिय मेकअपदादा,

मी तुम्हाला आठवत असेन की नाही, कुणास ठाऊक. रंगपटात रोज किती चेहरे तुमच्या हाताखालून जातात! मी त्या संध्याकाळच्या कार्यक्रमाचा निवेदक. दिवे लावून बघत होते तेव्हा "वरचा दिवा जरा बाजूला घेता येईल का?" असं मी तिसऱ्यांदा विचारलं, आणि ते तुम्ही विंगेत उभ्या उभ्या ऐकलंत. मला आत बोलावलंत, खुर्चीत बसवलंत आणि हळू आवाजात विचारलंत, "केस भोवऱ्यापाशी विरळ झालेत, त्याचं टेन्शन आहे ना?"

दादा, त्याआधीची चार वर्षं हा विषय माझ्यासमोर निघाला तो एकतर चेष्टेत, नाहीतर उपदेशात. "केसांत काय ठेवलंय, माणूस मनाने चांगला पाहिजे" असं सांगणाऱ्यांच्या डोक्यावर भरघोस केस असायचे. फोटो काढताना मी मागच्या रांगेत जायचो, लिफ्टमध्ये दिव्याखाली उभं राहायचं टाळायचो. तुम्ही समजूत काढायला गेला नाहीत. मला ते झाकायचंय, एवढं तुम्ही ओळखलंत आणि कामाला लागलात. त्याबद्दल हे पत्र.

माझ्या मागे दुसरा आरसा धरून तुम्ही म्हणालात, "नीट बघा. केस कमी झालेत म्हणून टाळू डोळ्यांत भरत नाही. केस काळे आणि खालची कातडी उजळ, त्यात ती चकाकते, म्हणून नजर तिथे जाते. हा फरक आपण मोडायचा." मग सांगितलंत की एखाद्या जागची दाटी साधारण निम्मी होईपर्यंत विरळपणा कुणाच्या लक्षातही येत नाही. "म्हणजे निम्मे अजून आहेत. त्यांना धरून काम करू." चार वर्षं मी गेलेले केस मोजत होतो. राहिलेल्यांचा हिशेब त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मांडला.

मी आधी एकदा प्रयत्न केला होता, हेही तुम्हालाच पहिल्यांदा सांगितलं. जाहिरात बघून काळा स्प्रे आणला, ओल्या केसांवर भरपूर मारला आणि बैठकीला गेलो. तासाभरात घामाबरोबर कानामागून काळा ओघळ आला आणि पांढऱ्या कॉलरवर उतरला. समोरच्याने न बोलता रुमाल पुढे केला. घरी येऊन मी बाटली फेकून दिली आणि या वाटेला पुन्हा जायचं नाही असं ठरवलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "केस वाळवले नव्हते ना?"

मग खांद्यावर टॉवेल टाकून तुम्ही ड्रायरने माझे केस अगदी मुळापर्यंत कोरडे केलेत. तेल किंवा ओल राहिली तर फायबरच्या, म्हणजे विरळ जागी भुरभुरायच्या बारीक तंतूंच्या, गुठळ्या होतात, म्हणालात. आधी डबीतली मॅट पावडर स्पंजवर घेऊन भांगाच्या दोन्ही बाजूंना मुळाशी थापलीत, त्याने कातडीची चकाकी मेली. मग फायबरची डबी उलटी धरून मनगटावर हलकेच टिचक्या मारल्यात. आरशाच्या दिव्यात ती बारीक काळी भुकटी खाली उतरताना मला अजून दिसते. हे फायबर केराटिनचे असतात, आपला केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याच प्रथिनाचे, बहुधा लोकरीतून काढलेले. आणि ते डिंकाने चिकटत नाहीत. केसांवर घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात, तसे स्थिर विद्युतभाराने केसाला बिलगतात. म्हणून त्यांना बिलगायला केस लागतो, लव असली तरी चालते. "तुळतुळीत जागेसाठी हे नाही, तिथे कुणी विकत असेल तर घेऊ नका," हे तुम्ही विचारल्याशिवाय सांगितलंत.

कपाळाकडच्या कडेला तुमचा हात एकदम सावकाश झाला. तिथे कंगवा आडवा धरलात आणि त्याच्या दातांतून थोडंसंच खाली पडू दिलंत. कुणाच्याही कपाळावर केसांची रेघ पट्टीने आखल्यासारखी नसते, सरळ कड दिसली की बघणाऱ्याला कळतं. कोपरे मागे सरकलेत तर सरकलेले राहू द्या, पुढे ओढायला जाऊ नका, असं सांगितलंत. माझं मन कोपरे भरून टाका असं म्हणत होतं. तुमचं ऐकलं हे फार बरं झालं. रंगाचंही तसंच. मी केसांच्या टोकांशी डबी जुळवत होतो. टोकं उन्हाने भुरी होतात, मुळाचा रंग बघा, हे तुम्ही दाखवलंत. शेवटी तळहाताने हलकेच थोपटून, हातभर अंतरावरून केस बसवायचा स्प्रे मारून सगळं बसवून टाकलंत.

त्या संध्याकाळी मी वरच्या दिव्याखाली दोन तास उभा होतो आणि मला दिव्याची आठवण झाली नाही.

एका बाबतीत मात्र तुम्ही कडक झालात, आणि तेच मी सगळ्यात जास्त मनाला लावून घेतलं. केस अचानक गळाले असतील, गोल चट्टे पडले असतील, खाज, खवले किंवा दुखरेपणा असेल तर झाकायचं नाही, आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठायचे. माझं तसं काही नव्हतं, तरी मी गेलो. डॉक्टरांनी वंशपरंपरेने येणारं नेहमीचं टक्कल सांगितलं. डीएचटी या संप्रेरकामुळे केसांची मुळं केस गळून नवा येण्याच्या प्रत्येक फेरीला थोडी थोडी आक्रसतात आणि येणारा केस बारीक होत जातो. त्यांनी मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं औषध सुरू केलं. ते लावायचं थांबवलं की फायदाही ओसरतो, म्हणून नियम मोडत नाही. सकाळी ते पूर्ण वाळल्यावरच पावडर आणि फायबर. आणि रात्री शाम्पूने सगळं धुऊनच झोपायचं, ही तुमची अट आजवर पाळलीये. उशीचे अभ्रे स्वच्छ राहतात, टाळूही. पोहायला जातो तेव्हा काहीच लावत नाही. कातडीला चालतं का ते बघायला कानामागे थोडंसं लावून दोन दिवस वाट बघायची, हेही नवी डबी आणली की करतो.

या खटाटोपात मी एकटा नाही, हे नंतर वाचून कळलं. ज्यूलियस सीझर विरळ केस मागून पुढे विंचरायचा आणि डोक्यावर सतत पर्णमुकुट घालायची परवानगी त्याला फार प्रिय होती, असं सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवलंय. अमेरिकेत 1977 साली तीन बाजूंनी केस विंचरून टक्कल झाकायच्या पद्धतीला पेटंट मिळालं. दादा, हे वाचून मला हसू आलं नाही, जिवाला बरं वाटलं.

पुरुषाने मेकअप करावा का, हा प्रश्न मी तुम्हाला विचारला होता. तुम्ही ब्रश पुसत होतात. "तीस वर्षं पुरुषांनाच रंगवतोय मी," म्हणालात आणि ब्रश माझ्या हातात दिलात, "घ्या, आता उजवी बाजू तुम्ही करा." माझा हात थरथरत होता. एका जागी जास्त पडलं, ते तुम्ही झटकून परत करायला लावलंत. पैसे घ्यायला नकार दिलात, एवढंच नाही, तो ब्रशही मलाच देऊन टाकलात.

तो ब्रश बाथरूमच्या फळीवर उघडा ठेवलेला असतो. सुरुवातीचे काही महिने मी आतून कडी लावून हे सगळं उरकायचो. आता लावत नाही. माझी धाकटी मागे आरसा धरून उभी राहते आणि सांगते, "बाबा, भोवऱ्याच्या डावीकडे अजून थोडं."

तुमचा,
त्या दिवशीचा निवेदक