आधी संघाचा फोटो बघायला शिकवणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

यूसीएलएच्या, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेच्या, खेळांवरचा माझा लेख छपाईला गेला. अंक हातात आला की तुम्हाला पाठवीनच, पण आभार मानायला तोवर थांबवत नाही. ते चारचौघांत मानायचे आहेत, कारण लेखाखाली नाव माझं एकटीचं असलं तरी त्याला वळण तुम्ही दिलंत. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावरही माझ्याबरोबर मायक्रोफिल्मच्या यंत्रासमोर बसलात, जुने वार्षिकांक काढून दिलेत, आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांचा कारभार कसा चालतो ते न कंटाळता समजावलंत.

मी आले होते ती यूसीएलएचे प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या बास्केटबॉल संघांची माहिती शोधायला. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं, १९७१ ते १९७४ दरम्यान सलग ८८ विजय. मराठी वाचकापुढे ठेवायला याहून मोठं काय असणार! तुम्ही म्हणालात, "ते देतेच, पण आधी १९१९ बघ."

१९१९ म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाची दक्षिणेकडची शाखा लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली ते वर्ष. त्या शाखेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा पहिलाच सामना मॅन्युअल आर्ट्स नावाच्या हायस्कूलशी झाला आणि शाळेच्या पोरांनी तो ७४-० असा जिंकला. दहा वर्षांनी त्याच शहरातल्या यूएससी या दुसऱ्या विद्यापीठाशी पहिल्यांदा गाठ पडली, तेव्हा ७६-० अशी हार. संघाचं नावही पक्कं व्हायला वेळ लागला. आधी कब्स, मग ग्रिझलीज, आणि ग्रिझलीज हे नाव माँटानाचा संघ आधीपासून वापरत होता म्हणून १९२६ मध्ये ब्रुइन्स. हे सगळं वाचून दाखवताना तुमच्या आवाजात जो अभिमान होता, तो मला दहा विजेतेपदांची यादी सांगतानाही ऐकू आला नाही.

मग तुम्ही १९३९ च्या फुटबॉल संघाचं पान उघडलंत. केनी वॉशिंग्टन, वुडी स्ट्रोड, जॅकी रॉबिन्सन, रे बार्टलेट. एका संघात चार कृष्णवर्णीय खेळाडू, आणि तेही अशा काळात, जेव्हा देशातल्या कितीतरी मोठ्या विद्यापीठांच्या संघात एकालाही जागा नव्हती. तो संघ त्या मोसमात एकही सामना हरला नाही. शेवटचा सामना यूएससीशी, लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये, लाखभर प्रेक्षकांसमोर. धावफलक ०-०. अखेरच्या मिनिटांत यूसीएलए गोलरेषेपासून काही पावलांवर पोचली. किक मारून तीन गुण घ्यायचे की चेंडू गोलरेषेपार नेऊन जास्त गुणांच्या टचडाउनसाठी जायचं, यावर खेळाडूंनी मैदानातच घोळका करून मतं घेतली. टचडाउन ठरलं, पास वाया गेला, सामना बरोबरीत सुटला आणि रोझ बोल या मानाच्या सामन्यात खेळायची संधी हुकली. तुम्ही हे सांगताना "त्यांनी किक मारायला हवी होती" असं एकदाही म्हणाला नाहीत. मलाही ते म्हणावंसं वाटत नाही. मतदान घेणारा संघ मला आवडला.

त्यानंतर काय झालं, हेही तुम्हीच जोडून दाखवलंत. वॉशिंग्टन त्या वर्षीच्या देशातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक, पण एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगने १९३४ पासून कृष्णवर्णीयांना दार बंद केलं होतं. ते १९४६ मध्ये उघडलं, लॉस एंजेलिस रॅम्सने आधी वॉशिंग्टनला आणि मग स्ट्रोडला करारबद्ध केलं तेव्हा. आणि १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक बेसबॉल संघाकडून मैदानात उतरला. म्हणजे अमेरिकेतल्या दोन सर्वांत मोठ्या खेळांमधली वर्णभेदाची भिंत पाडणारी माणसं काही वर्षांपूर्वी एकाच कॉलेजच्या संघात शेजारी शेजारी उभी होती. रॉबिन्सन यूसीएलएत फुटबॉल, बास्केटबॉल, ॲथलेटिक्स आणि बेसबॉल असे चार खेळ खेळला, चारही खेळांत विद्यापीठाचं मानचिन्ह मिळवणारा तो पहिला. १९४० मध्ये लांब उडीत राष्ट्रीय विजेता. त्याचा सर्वांत कच्चा खेळ होता बेसबॉल! एकच मोसम खेळला, फलंदाजीची सरासरी ०.०९७, म्हणजे दहात एक हिटसुद्धा पडत नव्हती. तो आकडा तुम्ही मला मुद्दाम लिहून घ्यायला लावलात. आज विद्यापीठाचं बेसबॉल मैदान त्याच्याच नावाने ओळखलं जातं, आणि २०१४ पासून ४२ हा त्याचा क्रमांक तिथल्या कुठल्याही खेळात नव्या कुणाला दिला जात नाही.

त्याच वार्षिकांकांमध्ये तुम्ही आणखी दोन चेहरे दाखवलेत. जेम्स लुव्हाल, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचं कांस्यपदक मिळवलेला धावपटू, पुढे रसायनशास्त्रज्ञ झाला. आणि टॉम ब्रॅडली, ट्रॅकवर धावणारा विद्यार्थी, १९७३ ते १९९३ अशी वीस वर्षं लॉस एंजेलिसचा महापौर.

यानंतर वुडन यांचे कागद हाती आले ते वेगळेच वाटले. तुमचं बोट आधी १९४७ वर गेलं, म्हणजे ते यूसीएलएत येण्याआधीच्या वर्षावर. इंडियाना स्टेटच्या त्यांच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं होतं, पण क्लॅरेन्स वॉकर या कृष्णवर्णीय खेळाडूला खेळायची मनाई होती, म्हणून वुडन यांनी आमंत्रणच नाकारलं. असा माणूस १९४८ मध्ये रॉबिन्सनच्या कॉलेजात आला. सरावाला मिळाली मेन्स जिममधली वरच्या मजल्यावरची जागा, जिथे शेजारी कुस्तीगीर आणि जिम्नॅस्ट यांचाही सराव चालायचा. मॅनेजर मुलांना हाताशी घेऊन वुडन स्वतः ती जमीन पुसून काढत. पुढे आगीच्या धोक्यामुळे तिथल्या प्रेक्षकसंख्येवर बंधन आलं आणि घरचे सामने दुसऱ्यांच्या हॉलमध्ये खेळायची वेळ आली. पहिलं विजेतेपद आलं त्यांच्या सोळाव्या मोसमात, १९६४ मध्ये, तीसपैकी तीस सामने जिंकून. स्वतःचं क्रीडागृह, पॉली पॅव्हिलियन, त्यानंतर १९६५ मध्ये उभं राहिलं. हा क्रम मी लेखात जसाच्या तसा ठेवला आहे: आधी पुसलेली जमीन, मग ती विजेतेपदांच्या झेंड्यांची रांग.

पॉलीमधल्या त्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट तर मी प्रत्येकाला सांगत सुटले आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घ्यायचं नाही, असा तेव्हा नियम होता. २७ नोव्हेंबर १९६५ ला पहिल्या वर्षाचा संघ आणि सलग दोनदा राष्ट्रीय विजेता ठरलेला मुख्य संघ एकमेकांशी खेळले, आणि नवख्यांनी ७५-६० असा विजय मिळवला. त्यात ३१ गुण लू अल्सिंडॉरचे, जो पुढे करीम अब्दुल जब्बार म्हणून जगाला माहीत झाला.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमधली डेकॅथलॉन, म्हणजे दहा प्रकारांची ॲथलेटिक्स स्पर्धा, मला स्वतंत्र लेखात घ्यायची होती, पण तुम्ही म्हणालात, "हीसुद्धा कॉलेजच्या संघाचीच गोष्ट आहे," आणि ते पटलं. अमेरिकेचा रेफर जॉन्सन आणि तैवानचा यांग चुआन-क्वांग दोघेही यूसीएलएचे, दोघांचे प्रशिक्षक एकच, डकी ड्रेक. शेवटची १५०० मीटरची शर्यत उरली तेव्हा सुवर्णपदक या दोघांपैकी एकाचं हे ठरलेलं होतं. यांगला जॉन्सनपेक्षा दहा सेकंदांनी पुढे राहायचं होतं. ड्रेक यांनी यांगला सांगितलं की सुसाट सुट आणि अंतर वाढव, जॉन्सनला सांगितलं की त्याला सोडू नकोस. दोघांनीही ऐकलं. जॉन्सन जेमतेम सव्वा सेकंद मागे राहिला आणि ५८ गुणांनी सुवर्ण जिंकला. शर्यत संपल्यावर दोघे एकमेकांच्या आधाराने उभे राहिले. प्रशिक्षकाने एकाही शिष्याची फसवणूक केली नाही, यापुढे मला कुठलाही करंडक लहान वाटतो.

आणि मुलींचे संघ. इथे तुमचं ऋण सर्वांत मोठं आहे, कारण हे मला कुठल्याही विजेत्यांच्या तक्त्यात सापडलं नसतं. १९७२ मध्ये टायटल नाइन हा कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही असं सांगणारा. दोनच वर्षांनी ॲन मायर्स यूसीएलएत आली, चार वर्षांची पूर्ण क्रीडाशिष्यवृत्ती मिळवणारी पहिली मुलगी म्हणून. तिचा भाऊ डेव्ह १९७५ च्या विजेत्या संघात होता, त्यामुळे त्याच्या झेंड्याखालून ती रोज जात असणार. मार्च १९७८ मध्ये पॉली पॅव्हिलियनमध्येच मुलींनी मेरीलँडला ९०-७४ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. तुम्ही नोकरीत नव्या होतात आणि त्या दिवशी तिथे बसला होतात, हे तुम्ही किती साधेपणाने सांगितलंत!

पण ते विजेतेपद एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या, यादीत धरलं जात नाही. तेव्हा मुलींच्या स्पर्धा एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना भरवायची. एनसीएएने मुलींसाठी राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या त्या १९८१-८२ पासून. म्हणून नुसती यादी वाचणाऱ्याला वाटावं की त्याआधी इथे मुली खेळतच नव्हत्या. २००७ मध्ये यूसीएलएने एनसीएएचं शंभरावं विजेतेपद जिंकलं, देशात सर्वांत आधी, आणि ते मिळवून दिलं मुलींच्या वॉटर पोलो संघाने. माझ्या लेखात १९७८ या शंभरांच्या वर, स्वतंत्र ओळीत आहे. संपादकांनी ती ओळ तळटीपेत टाकायला सांगितली होती. मी नाही टाकली.

पुढचा लेख सॉफ्टबॉलच्या मुलींवर लिहायचा ठरवला आहे, बारा एनसीएए विजेतेपदं मिळवलेल्या संघावर. वार्षिकांकांतल्या त्या वर्षांच्या पानांची यादी करून ठेवली आहे. तुम्हाला सवड असेल तो दिवस कळवा, मी येते. यावेळी फोटो आधी काढू, धावफलक नंतर.

तुमची,
एक कृतज्ञ भाची