अपडेट सर्व्हर घेतला, मशीन जोडली का?

महोदय,

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचं काम बघतो. हल्ली बऱ्याच संस्था स्वतःचा अपडेट सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूएसयूएस, बसवून घेतात. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री विंडोजचं जे अपडेट येतं ते इंटरनेटवरून एकदाच उतरवायचं आणि मग लॅबमधल्या सगळ्या मशीनना आतल्या आत वाटायचं, नेटवर ताण नाही, कल्पना उत्तमच आहे. पण सर्व्हर चालू झाला की सप्लायर बिल लावतो आणि जातो, आणि खरं काम तर तिथून पुढे असतं हो!

सर्व्हर आपणहून मशीन शोधत नाही, प्रत्येक मशीनला त्याचा पत्ता द्यावा लागतो. डोमेन, म्हणजे सगळ्या मशीनचा एका जागेवरून कारभार, असेल तर ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्यांना एकदम लागणाऱ्या सेटिंगमधून, एकदाच देता येतो, नसेल तर एकेका मशीनवर बसून. पत्त्यापुढे ८५३० हा पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, टाकायचा राहिला तर मशीन नव्या सर्व्हरवर जाऊच शकत नाही. यात जास्त धोका असा की पॉलिसी लागल्यामुळे ते मशीन मायक्रोसॉफ्टकडेही आपोआप जात नाही, म्हणजे दोन्हीकडून उपाशी, आणि वापरणाऱ्याला खबरच नाही.

दुसरी गोष्ट क्लोनिंगची. लॅब लावताना एका मशीनची इमेज करून तीच सगळ्यांवर मारतात, त्यात अपडेटचा क्लायंट आयडी, म्हणजे सर्व्हर ज्यावरून मशीन ओळखतो तो नंबर, तोही जसाच्या तसा जातो. मग सर्व्हरच्या यादीत सगळी लॅब एकाच ओळीत, आज पीसी ७ दिसतो, उद्या त्याच जागी पीसी १२. उपाय अवघड नाही, विंडोज अपडेटची सर्व्हिस थांबवायची, रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातून, हाच आयडी (SusClientId) उडवायचा, सर्व्हिस परत चालू करायची की नवीन आयडी तयार होतो. पण ते करायला कोणीतरी प्रत्येक मशीनपर्यंत जायला हवं ना.

हे एवढं कळकळीने लिहितोय कारण २०१७ चं वॉनाक्राय, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आठवतंय. विंडोजच्या ज्या खिंडारातून तो घुसला ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं, हल्ला झाला १२ मे ला, मधे जवळजवळ दोन महिने होते तरी ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांची कामं अडली कारण मशीनवर ते अपडेट पोचलंच नव्हतं. आपल्याकडे तर लॅबच्या त्याच मशीनवर मुलं परीक्षेचे फॉर्म भरतात, आधार नंबर टाकतात, पालकांचे बँक खाते नंबर टाकतात.

म्हणून संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना कळकळीची विनंती, बिल पास करण्याआधी सर्व्हरवरची मशीनची यादी प्रिंट काढून मागा, प्रत्येक नावापुढे शेवटचा रिपोर्ट कधी आला ती तारीख बघा आणि यादी डेडस्टॉक रजिस्टरशी, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीशी, ताडून घ्या. जे मशीन रजिस्टरमध्ये आहे पण यादीत नाही ते जोडून होईपर्यंत सही करू नका, आणि एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, करारातही हीच अट दरवर्षीसाठी घाला.

– एक लॅब असिस्टंट, सातारा