दोन दिवसांत सोमॅटिक थेरपिस्ट?

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शरीराच्या वाटेने मनावर उपचार, म्हणजे ज्याला सध्या सगळे सोमॅटिक थेरपी म्हणतात, त्यावर लेख आला होता. विषय घेतलात ते चांगलंच केलंत, पण लेखाला खेटूनच एका वर्कशॉपची जाहिरात होती, शनिवार-रविवार दोन दिवस, फिजिओ, योगशिक्षक, काउन्सेलर, लाइफ कोच कुणीही या आणि जाताना सर्टिफिकेट घेऊन जा, ती वाचून काही राहवलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी क्लिनिक चालवते, त्यामुळे ही बाई योगाच्या नाहीतर बॉडीवर्कच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. माझं पोटच त्यावर आहे.

आमच्याकडे ‘मला डिप्रेशन आलंय’ म्हणत कुणी येत नाही. मान धरलीय, पाठ भरून येते, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, अंगाची नुसती आग होते, असं सांगत येतात. एक्स-रे नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, मग घरचे म्हणतात नाटकं करते. दुखणं मात्र खरं असतं, हात लावला की स्नायू दगड झालेला कळतो. अशा बाईला ‘मोकळेपणाने बोला’ म्हणून काय उपयोग, सासू बाहेर बाकड्यावर बसलेली असते आणि मधे नुसता पडदा. तिला खांदे कानापर्यंत ओढून घट्ट धरायला लावले आणि मग सोडायला सांगितले तर ते जमतं, घरी जाऊन भाकरी थापता थापता पण करता येतं. ही काही नवी आयडिया नाही. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1929 मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि आपल्याकडे मानसोपचार विभागात आजही जेपीएमआर (जेकबसनचं नाव असलेलं, एकेक स्नायू आवळून सैल सोडायचं तंत्र) म्हणून तेच शिकवतात.

श्वासाचंही तसंच. मिनिटाला साधारण सहा श्वास इतक्या संथ गतीला हृदयाचे ठोके, बीपी आणि श्वास एका लयीत यायला लागतात, हे मोजलेलं आहे. 2001 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात इटलीतल्या संशोधकांचा पेपर आला होता, त्यांनी लोकांना कॅथलिकांची लॅटिनमधली जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावलं तर दोन्हीमध्ये श्वास आपोआप सहाच्या आसपास आला. आपल्या आज्ज्या पहाटे माळ ओढत बसायच्या त्यांना हे कुणी सांगायची गरज नव्हती! आणि मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या ज्या व्हेगस नर्व्हचं नाव आता इन्स्टाग्रामवर दिवसाला दहादा ऐकू येतं तिच्यातले साधारण 80 टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे बातम्या नेणारे आहेत, म्हणजे शरीर बदललं की मेंदूला कळतं यात खोटं काही नाही.

बिघडतं ते याच्या पुढे. स्टीफन पोर्जेस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पॉलीव्हेगल थिअरी 1990च्या दशकातली, सुरक्षित वाटणं, पळावंसं वाटणं, गोठून जाणं या अवस्था ती व्हेगस नर्व्हशी जोडते, तिच्या शरीरशास्त्रावर त्याच क्षेत्रातले लोक अजून भांडतायत, पण वर्कशॉपमध्ये ती गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखी शिकवली जाते, त्या अवस्थांची रंगीत शिडी काढून. पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्स्पिरिअन्सिंगवर, म्हणजे शरीरातल्या जाणिवांकडे लक्ष देऊन आघातावर उपचार करण्याच्या पद्धतीवर, इस्राएलमध्ये ट्रायल झाली, 2017ची, निकाल चांगले होते पण माणसं होती 63. बेसेल व्हॅन डर कोक या सायकियाट्रिस्टच्या टीमने पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार, असलेल्या 64 बायकांवर योगाची ट्रायल केली, 2014ची, त्यातही बऱ्याच जणींना फरक पडला, पण तो दहा आठवड्यांचा वर्ग होता आणि चालू उपचारांच्या जोडीला होता, उपचार सोडून नव्हे. जाहिरातीत मात्र ‘नर्व्हस सिस्टम रीसेट’, ‘मेंदूचं रीवायरिंग’. मेंदूच्या तब्येतीचंच बोलायचं तर लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024च्या डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) कमिशनने आपल्याला कमी करता येण्याजोगे 14 धोके सांगितलेत, त्यात बीपी, शुगर, कमी ऐकू येणं, बसून राहणं, एकटेपणा असल्या रटाळ गोष्टी आहेत, ज्यांचं वर्कशॉप कुणी घेत नाही कारण तिकीट खपणार नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकतं ते सांगते. या शिबिरांत जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, अर्धा-पाऊण तास, मोठं म्युझिक लावून. थोड्या वेळाने लोकांच्या ओठांना मुंग्या येतात, हाताची बोटं आखडून पक्ष्याच्या चोचीसारखी जुळतात, चक्कर येते, कुणी हमसून हमसून रडतं, आणि ट्रेनर माइकवरून सांगतो की बघा ट्रॉमा, म्हणजे मनात दबलेला जुना आघात, रिलीज होतोय. अहो, बोटांचं ते ट्रॉमा नाही, कार्बन डायऑक्साइड आहे! जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त अल्कलाइन होतं, कॅल्शियमचा वापरता येणारा भाग कमी होतो म्हणून स्नायू आखडतात, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं. फर्स्ट इयरच्या फिजिऑलॉजीत आहे हे. समोरच्याला फिट्सचा त्रास असेल, पोटुशी असेल, बीपी ताब्यात नसेल तर काय, हे विचारणारा फॉर्म तरी भरून घेतात का? माझ्या ओळखीतली एक योगशिक्षिका असल्या कोर्सला जाऊन आली, तिला सर्टिफिकेट मिळालं, फोटो मिळाला, पण कुणाला हे करू द्यायचं नाही याची यादी मिळाली नाही.

दुसरी गोष्ट, डोळे मिटून आत लक्ष द्या हे सगळ्यांना सोसत नाही. माझ्याकडे मानेसाठी एक बाई यायच्या, पस्तिशीच्या असतील. साधा पोटाने श्वास शिकवत होते, डोळे मिटा म्हटलं आणि दोन मिनिटांत त्यांचा श्वास वर चढला, मुठी आवळल्या, अंग ताठ, कपाळावर घाम. त्या क्षणी ‘येऊ द्या, बाहेर पडू द्या’ म्हणणं सगळ्यात सोपं असतं आणि वर्कशॉपमध्ये तेच शिकवतात. मी त्यांना डोळे उघडायला लावले, टेबलावरून खाली उतरवून खुर्चीत बसवलं, पाय फरशीवर टेकवले, चपला काढून, आणि खिडकीतून स्टँडवर काय काय दिसतंय ते सांगा म्हटलं. कराडची गाडी लागलीय, केळीवाला आहे, एक कुत्रं झोपलंय. असं करत करत श्वास खाली आला. मग पाणी दिलं. काय आठवलं ते मी विचारलं नाही, कारण ते ऐकून पुढे सांभाळायचं ट्रेनिंग माझ्याकडे नाही. पुढच्या वेळी त्यांच्याशी बोलून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, मानेचा व्यायाम माझ्याकडे चालूच ठेवला. आता दोन्ही चालू आहे आणि बऱ्या आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की थांबवायचं कसं आणि पुढे पाठवायचं कुणाकडे हे आधी शिकवा, मनात दबलेलं उघडायचं कसं ते नंतर. धडधडतंय म्हणणाऱ्याचा थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी बघितला का? हात लावण्याआधी विचारलं का, आणि मधेच नको म्हणाली तर हात काढला का? (हे आमच्या फिजिओ लोकांनाही लागू आहे, टेबलावर झोपलेल्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड जातं.) आत्महत्येचे विचार येतात का हा प्रश्न सरळ विचारता येतो का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन लागतं, आमच्यासाठी 2021 चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आलाय, पण ‘सोमॅटिक कोच’ ही पाटी लावायला काय लागतं? पाटी.

आणि हे सगळं आपण परदेशातून डॉलरच्या भावात शिकून येतोय याची जरा गंमतच वाटते. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम सुरू केलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ काढलं, आसनं आणि क्रिया करताना शरीरात नेमकं काय होतं ते एक्स-रे काढून, दाब मोजून छापलं. शंभर वर्षांपूर्वी तो माणूस आधी मोजत होता आणि मग बोलत होता.

एक मात्र या कोर्सवाल्यांचं मला पटतं. प्रॅक्टिशनरने स्वतःच्या शरीराकडे बघावं हे ते सांगतात, आणि ते खरंच कुणी आम्हाला शिकवलेलं नाही. दिवसभर पेशंटचं दुखणं ऐकून संध्याकाळी माझाच जबडा आवळलेला असतो, आशाताईंचं आणि सिस्टर लोकांचं तर विचारूच नका, त्यांना रजिस्टर भरण्यातून श्वास घ्यायला सवड नाही. दोन पेशंटच्या मधे पाच मिनिटं उभं राहून खांदे सोडणं, समोरचा बोलत असताना आपण श्वास रोखून धरलाय का ते बघणं, एवढ्यासाठी वर्कशॉप भरवलं तर मी पहिल्या रांगेत बसेन, आणि त्याला दोन दिवस भरपूर झाले.

तुमच्याकडून दोनच अपेक्षा. या विषयावरच्या लेखाशेजारी त्याच विषयाच्या कोर्सची जाहिरात लावू नका, वाचणाऱ्याला वाटतं पेपरनेच शिफारस केलीय. आणि मनाच्या आजारांवर काहीही छापलंत की खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ठळक टाकत जा, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

कळावे,
एक फिजिओथेरपिस्ट, जि. सांगली
(नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, छापू नये ही विनंती)