संज्या, हे फोनवर बोलता आलं नसतं

प्रिय संज्या,

दोन महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, चुकलंच. तब्येत बरी, शुगर आटोक्यात. आईचे गुडघे तसेच.

एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ पुन्हा बसवतोय. आपलं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, तेव्हापासून नाटकाला हातच लागत नव्हता. आता तालमीच्या माडीवर जमतो. खाली पोरं जोर मारतात, वर आम्ही नाटकातले धरणगावकर देशपांडे. थोरला भाऊ भास्कर मी करतोय. हस लेका! भास्कर चोर आहे म्हणून खासबागेत भेळ खाताना तुझ्याशी भांडलो होतो, चंदूच्या भूमिकेतला लंगडता पाय तसाच ठेवून. तू म्हणायचास, घर धरून बसलेल्या माणसाला चोर म्हणणं सोपं असतं.

परवा दागिन्यांचा प्रवेश होता. वहिनी रात्री सगळं सोनं अंगावर घालते, तो. महाद्वार रोडच्या खोट्या पाटल्या, हातात घेतल्या तर काहीच वजन नाही. आणि मला आईच्या पाटल्यांचं वजन आठवलं. चार तोळे. वाक्य विसरलो, तालीम थांबली.

संज्या, त्या पाटल्या घरात नाहीत. मार्चमध्ये मुक्ताच्या फीसाठी सोनेतारण ठेवल्या. आईला सांगितलं, लॉकरमध्ये आहेत. पावती नाटकाच्या वहीत आहे. तुला ठाऊक आहे, त्या आईने ताईला देऊ केल्यात. ताईला त्या मोडून शिवणाचं दुकान घालायचंय, स्वतःच्या नावाचं. माझ्या कॉलेजासाठी तिची बारावी सुटली, तेव्हापासून बोलते. नाटकातल्या प्रभाला बापाने शिकू दिलं नाही, हे पाठ करताना मी कॉलेजात रडलो होतो. घरातली प्रभा मला दिसली नाही. आता मुक्ताला शिकवायचं तर पुन्हा ताईचंच घ्यायचं? मुक्ताचं स्वप्नही खोटं नाही रे. रात्री मशीन लर्निंगचं काहीतरी वाचत बसते, मध्येच येऊन मला समजावते, डोळे चमकतात तिचे.

दिवाळीला ताई येणार. आई पाटल्या काढ म्हणणारच. नाटकात रंजू सोनं घेऊन पळते तेव्हा निदान सगळ्यांना कळतं तरी. माझं कुणालाच कळलेलं नाही.

दर महिन्याला थोडं थोडं भरतोय, पण दिवाळीपर्यंत सुटणार नाहीत. ताईला आधीच गाठून सांगू की आईसमोर? तू तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्यास, तिचा राग तुला माहीत आहे. चोर म्हणालास तरी चालेल, पण लिही. फोन नको, घरात सगळे ऐकतात.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? अमेयला नोकरी लागली म्हणे, फार बरं वाटलं. पेढे पाठव.

तुझा,
बाळ्या